‘बरं शे’ म्हणण्याआधी

मागच्या अंकात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल लिहिताना मी शेवटी विनंती केली होती की उपचार चालू असताना किंवा संपल्यावर जे कुणाजवळ बोलता येत नाही, ते मला लिहून पाठवा. पत्रांचा मोठा गठ्ठा आला. काही पत्रं वहीच्या पानावर, काही औषधाच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. त्यातली चार इथे घेते. नावं छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असा तपशीलही काढला आहे.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. मी 29 वर्षं शेकाच्या विभागात सिस्टर होते. आमच्या खान्देशात रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. शेक म्हणतात, लाइट म्हणतात, कुणी करंटही म्हणतं. डॉक्टर राउंडला आले की विचारायचे, ‘काय मावशी, कसं आहे?’ उत्तर ठरलेलं असायचं: ‘बरं शे,’ म्हणजे बरं आहे. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले की तीच मावशी माझ्या एप्रनचं टोक धरायची आणि खालच्या आवाजात सांगायची, ‘सिस्टर, लघवीला बसलं की आग आग होते,’ ‘सिस्टर, रात्री साडी खराब झाली.’ डॉक्टरांच्या कागदावर मात्र लिहिलेलं असायचं, तक्रार नाही.

पत्र पहिलं: ‘रिपोर्ट चांगले, मग मी रडते का?’

*अमळनेर तालुक्यातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय 43. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. बाहेरून 25 शेक, दर आठवड्याला केमोची सलाईन आणि शेवटी तीन वेळा आतला शेक झाला. उपचार संपून चार महिने झाले. त्या लिहितात: ‘गाठ गेली असं सांगितलं. सगळे म्हणतात देवानं वाचवलं, आता आनंदात राहा. पण मागच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी बोट घातलं तेव्हा जीव गेल्यासारखं झालं. आत सगळं कोरडं आणि आवळल्यासारखं वाटतं. पाळी बंद झाली, अंगातून वाफा निघतात, रात्री दोनला उठून बसते. मालक ओट्यावर झोपतात. मी काही बोलले नाही, तेही काही बोलले नाहीत. हे असंच राहणार का?’*

ताई, नाही, असंच राहायला नको. तुम्ही लिहिलंत त्यातली एकही गोष्ट तुमच्या मनाचा खेळ नाही. एकेक सांगते.

आतला भाग आवळला जातो त्याचं कारण शेक. शेकानं गाठ जळते, तशी योनीमार्गाची आतली त्वचाही भाजल्यासारखी होते. ती भरून येताना दोन्ही बाजू एकमेकींना चिकटू लागतात, मार्ग अरुंद आणि आखूड होतो. ओलावा देणाऱ्या ग्रंथी मंदावतात, म्हणून कोरडेपणा येतो. हे टाळायला डायलेटर नावाचं साधन असतं. गुळगुळीत, बोटाच्या आकाराचं, लहानापासून मोठ्यापर्यंत मापांत मिळतं. शेक संपल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी, आतली सूज उतरली की, डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू करतात. जेल लावून, पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, हळूहळू आत सरकवायचं. पाच-दहा मिनिटं ठेवायचं. आठवड्यातून दोन-तीन वेळा. हे पुष्कळ महिने, बहुतेक वेळा दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त चालू ठेवायला सांगतात. नवरा-बायकोच्या संबंधांपुरतंच हे आहे असं समजू नका. पुढची कित्येक वर्षं तुमची तपासणी याच मार्गानं होणार आहे, तो उघडा राहायलाच हवा. विधवा बाईलाही म्हणूनच हे सांगावं लागतं.

तुमचे चार महिने गेलेत, त्यामुळे घरी स्वतःहून काही करू नका. जोर लावायचा नाही. घरातली कुठलीही वस्तू वापरायची नाही. ज्या विभागात शेक घेतलेत तिथे जा आणि म्हणा, ‘मला डायलेटर शिकवा.’ हेच तीन शब्द म्हणा. डॉक्टरांना सांगायचा संकोच वाटला तर तिथल्या सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. तिथले डॉक्टर आधी आतून बघतील, किती चिकटलं आहे ते पाहून कोणत्या मापानं सुरुवात करायची ते ठरवतील. सुरुवातीला बोटभर गुलाबी डाग लागला तर घाबरू नका. पण लाल रक्त गेलं, थांबेना, तर लगेच दाखवा.

मी एवढं ठासून सांगते त्याला कारण आहे. माझी थोरली बहीण पारोळ्याकडच्या एका खेड्यात दिलेली होती. तिला हाच आजार झाला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचे शेक एका मोठ्या दवाखान्यात झाले, उपचार व्यवस्थित झाले, पण मार्ग आवळला जातो हे तिला तिथे कुणी सांगितलं नाही. तीन महिन्यांनी तपासणीला गेली तेव्हा साधन आत जाईना. ती ओरडली. तपासणाऱ्या माणसानं म्हटलं, ‘एवढं काय ओरडता?’ घरी आली, फाईल कोठीत गव्हाच्या कणगीमागे ठेवली आणि परत तपासणीला गेली नाही. विचारलं की म्हणायची, ‘बरं शे.’ दुखणं उलटलं ते आम्हाला फार उशिरा कळलं. मी नर्स होते आणि मीही तिला कधी विचारलं नव्हतं की, ताई, तपासणीला का जात नाहीस? त्यानंतर प्रत्येक बाईला मी स्वतः विचारायला लागले.

आता वाफांचं. ओटीपोटाला शेक दिला की बीजकोश काम थांबवतात. इतर बायकांची पाळी हळूहळू जाते, तुमची पंधरा दिवस-महिन्याभरात गेली. म्हणून वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड, अचानक रडू हे सगळं एकदम अंगावर आलं. तुम्ही विचारलंत ‘मग मी रडते का?’ त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. गर्भाशयमुखाचा जो नेहमीचा प्रकार असतो, स्क्वॅमस नावाचा, तो हार्मोनवर वाढत नाही. त्यामुळे 45 च्या आत पाळी गेलेल्या बाईला हाडांसाठी आणि हृदयासाठी हार्मोनची गोळी देता येते का, याचा विचार डॉक्टर करतात. पण तुमचा प्रकार कोणता ते फाईलमधल्या बायोप्सीच्या कागदावरच कळेल. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असेल तर गणित वेगळं होतं. म्हणून शेजारणीची गोळी घ्यायची नाही, स्वतःचा कागद दाखवून विचारायचं. कोरडेपणासाठी पाण्याच्या आधाराचं जेल मेडिकलमध्ये मिळतं, तेही मागून घ्या.

आणि मालक ओट्यावर झोपतात, त्याबद्दल. माझा अनुभव असा की, शंभरातले बहुतेक नवरे किळस वाटते म्हणून लांब होत नाहीत, भितीनं लांब होतात. आपल्यामुळे तिला दुखेल, आजार उलटेल, आपल्याला लागेल, तिच्या अंगातला करंट आपल्याला येईल, अशा भित्या असतात. त्यांना हे पान वाचायला द्या. भाऊ, कॅन्सर जवळ आल्यानं लागत नाही. मशीनचा शेक संपला की अंगात काही उरत नाही, आतल्या शेकाची नळी काढली की तोही तिथेच संपला. या आजाराच्या मुळाशी बहुतेक वेळा एचपीव्ही नावाचा विषाणू असतो हे खरं, पण तो इतका सर्रास आहे की संसारातल्या दोघांच्या अंगावरून तो बहुधा कधीच येऊन गेलेला असतो, त्याचा दोष कुणाच्या चारित्र्यावर टाकू नका. जखम भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी बघून हो म्हटलं की संबंध ठेवायला हरकत नसते. घाई नको, जेल वापरायचं, ती थांब म्हणाली की थांबायचं. आणि तेवढ्यासाठी नाही जमलं तरी ओट्यावरून आत येऊन झोपा. रात्री दोनला ती उठून बसते तेव्हा कुणीतरी विचारायला हवं, ‘पाणी देऊ का?’

पत्र दुसरं: बसमध्ये पंचाईत होऊ नये म्हणून

*शिरपूर भागातून एक सूनबाई लिहितात. सासूबाई 58 वर्षांच्या. पिशवी काढली, आता शेक चालू आहेत, 25 पैकी 14 झाले. आठवड्यातून एकदा सलाईन असते. रोज एसटीनं दीड तास जायचं, दीड तास यायचं. तिसऱ्या आठवड्यापासून दिवसाला सहा-आठ वेळा पातळ जुलाब होतात. ‘बसमध्ये पंचाईत होईल म्हणून त्या सकाळपासून पाणीसुद्धा पीत नाहीत. घरी आल्यावर कळण्याची भाकरी, ठेचा, नाहीतर शेवभाजी मागतात, दुसरं काही गोड लागत नाही म्हणतात. काय खायला देऊ? आणि चार दिवस शेक बंद ठेवले तर चालतील का? फार थकल्या आहेत.’*

आधी तातडीचं. सहा-आठ जुलाब आणि वर पाणी बंद, हे उद्याच्या शेकाआधी डॉक्टरांना सांगा. दर आठवड्याची सलाईन बहुतेक सिस्प्लॅटिनची असते, आणि त्या औषधाचा ताण मूत्रपिंडावर येतो. अंगात पाणी नसताना ते औषध गेलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. जुलाब आणखी वाढले, शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली, चक्कर आली किंवा 100.4 च्या वर ताप गेला, तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. जुलाब थांबवायची गोळी असते, साधी असते, पण ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

पाणी न पिण्यामागचं कारण मला पूर्ण कळतं. आपल्या स्टँडांवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था मी सांगायला नको. पण पाणी न प्यायल्यानं एक वेगळाच तोटा होतो, तो सासूबाईंना समजावून सांगा. ओटीपोटाच्या शेकाच्या वेळी मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगतात. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं, शेकाच्या वाटेतून बाजूला ठेवतं. ते रिकामं असलं की आतडी खाली येऊन बसतात आणि शेक खातात. म्हणजे जुलाब होतात म्हणून त्या पाणी पीत नाहीत, आणि पाणी पीत नाहीत म्हणून आतड्यांवर शेक जास्त पडतो. असं करा: बसमध्ये घोट घोट ओआरएस. एक पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या, बहुतेक वेळा एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात. विभागात पोचल्यावर आधी लघवीला जाऊन यायचं, मग तिथे जेवढे ग्लास आणि जेवढा वेळ सांगितला असेल तेवढं पाणी पिऊन थांबायचं. येताना-जाताना मोठ्यांचे डायपर वापरायला लाजू नका. एक जोडी परकर आणि एक जुनं मऊ धोतर पिशवीत ठेवा. बसमध्ये पुढची, दाराजवळची सीट मागा. कंडक्टरला फाईल दाखवून एक वाक्य सांगितलं की बहुतेक कंडक्टर गाडी थांबवतात, हे मी कित्येक बायकांकडून ऐकलं आहे.

आता जेवण. इथे मला सगळ्यात जास्त वाद घालावा लागतो, कारण खान्देशी माणसाला तिखटाशिवाय जेवल्यासारखं वाटतच नाही. पण शेवभाजीची तर्री आणि ठेचा सध्या पूर्ण बंद. भाजलेल्या जागेवर मिरची चोळावी तसं ते आतड्याला होतं. कळण्याची भाकरीही नको, उडीद आणि ज्वारीचा कोंडा आत्ता जड जातो. मऊ गुरगुट्या भात आणि मुगाच्या डाळीचं पातळ वरण द्या, त्यात हळद, जिरं, मीठ, चमचाभर तूप. मऊ खिचडी द्या. केळं रोज एक-दोन द्या. आपल्या पट्ट्यात ते बाराही महिने मिळतं, जुलाबात पोटॅशियम जातं ते भरून येतं आणि मळही बांधला जातो. दूध आत्ता पचत नाही बऱ्याचजणींना, त्यानं जुलाब वाढतात, पण ताजं ताक किंवा दही-भात चालतो. तोंडाला चव नाही म्हणतात त्यावर लिंबू आणि सैंधव. वरणाला लसणाची फोडणी देऊन लसूण काढून टाकलात तरी वास राहतो, तेवढ्या वासावर माझ्या वॉर्डातल्या कितीतरी मावश्या चार घास जास्त जेवल्या. अंड्याचा पांढरा भाग, मऊ पनीर, यानं अंगात ताकद राहील. एका वेळी ताटभर नको, दिवसातून सहा वेळा वाटीभर.

आणि त्यांना हेही सांगा की हे कायमचं नाही. शेक संपल्यावर काही आठवड्यांत आतडं निवळतं, मग एकेक पदार्थ परत सुरू करता येतो.

चार दिवस बंद ठेवायचं मात्र मनातही आणू नका. मधे खाडे पडले की शेकाचा गुण कमी होतो. पिशवी न काढता नुसत्या शेकावर उपचार असतात तेव्हा बाहेरचे आणि आतले मिळून सगळं 8 आठवड्यांत संपवायला बघतात, इतकं हे वेळेचं काम आहे. थकवा आहे म्हणून डॉक्टरांनीच थांबवलं तर गोष्ट वेगळी.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा: शेक कोणत्या पद्धतीनं देताय? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पिशवी काढल्यानंतर शेक घेणाऱ्या 300 बायकांचा अभ्यास केला, तो 2021 साली प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीच्या शेकानंतर तीन वर्षांत साधारण 42 टक्के बायकांना आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास राहिला. आतड्याला चुकवून, रोज आतला फोटो बघून दिलेल्या शेकात, ज्याला आयएमआरटी म्हणतात, तो आकडा साधारण 21 टक्क्यांवर आला. आजार आटोक्यात ठेवण्यात दोन्ही सारखेच. म्हणजे पुढच्या आयुष्यातला तो त्रास निम्म्यावर आला. सासूबाईंचे 14 शेक झालेत, आता मधेच पद्धत बदला असा हट्ट मी धरणार नाही. पण ज्यांच्या घरी अजून सुरू व्हायचे आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी हा शब्द उच्चारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का तेही तेव्हाच विचारा.

एवढंच राहिलं: कमरेवरच्या रेघा घासून पुसू नका, तिथे हळद-तेल लावू नका, सुती सैल परकर, आणि शौचानंतर कोमट पाण्यानं धुऊन टिपून घ्यायचं, चोळायचं नाही.

पत्र तिसरं: खडू हातातून निसटतो

*चाळीसगावहून एक शिक्षिका, वय 51. बीजकोशाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया झाली, दर तीन आठवड्यांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं, सहापैकी चार डोस झाले. ‘बोटांची टोकं बधिर. खडू कधी निसटला ते फळ्याकडून खाली बघितल्यावर कळतं. परवा भाकरी तव्यावर टाकताना तर्जनी टेकली, चटका बसलेला कळला नाही, जेवताना फोड दिसला. डॉक्टर केसांबद्दल बोलले होते, हे कुणी बोललं नव्हतं. सांगितलं तर केमो थांबवतील अशी भीती वाटते.’*

बाई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. हीच भीती किती बायका पोटात घालून बसतात. तुम्ही सांगितलं तर डॉक्टर बहुतेक वेळा औषधाची मात्रा कमी करतात, किंवा त्याच कामाचं दुसरं औषध देतात. उपचार सोडून देत नाहीत. न सांगता सहा पूर्ण केलेत तर बधिरपणा जास्त खोल जातो आणि मग उतरायला फार वेळ लागतो, काहीजणींचा थोडा राहूनही जातो. पाचवा डोस घेण्याआधी सांगा. साखरेचा आजार असेल तर तेही आठवणीनं सांगा, त्यानं हे वाढतं.

सांगताना नुसतं ‘मुंग्या येतात’ म्हणू नका. मुंग्या सगळ्यांनाच येतात, असं म्हणून ते राहून जातं. फोड दाखवा. ब्लाऊजचं हूक लावता येतं का, खडू धरता येतो का, चप्पल पायातून निघाली तर कळतं का, ते सांगा. डॉक्टरांना हातानं काय होत नाही ते कळलं की त्यांना ठरवता येतं.

तोवर घरात: भाकरी थापायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला माहीत आहे, हे सांगणं सोपं आहे. आपल्याकडे बाईच्या हाताची ओळखच भाकरीवरून होते. पीठ किती मळलं हे तळहाताला कळतं आणि तेच आता कळत नाही, याचं दुःख बोलून दाखवायलासुद्धा शब्द सापडत नाही. पण चटका कळत नसताना तव्याजवळ जाऊ नका. अंघोळीचं पाणी बोटानं नाही, कोपरानं बघा. घरातही मऊ चप्पल घाला आणि रात्री झोपताना तळपाय उजेडात बघा, काटा-खडा रुतलेला असतो. खडूला जाड कागदाची गुंडाळी करा किंवा होल्डर मिळतो तो घ्या. बहुतेकींना औषध संपल्यावर महिन्यागणिक फरक पडत जातो.

केस परत येतात. शेवटच्या डोसनंतर काही आठवड्यांतच बारीक लव दिसू लागते, पहिले केस कधी कुरळे येतात. आणि डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, पांढऱ्या पेशी खाली असतात तेव्हा, वर्गात कुणी मूल तापलेलं असेल तर लांब राहा. तुम्हाला 100.4 ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, दवाखाना गाठायचा.

पत्र चौथं: ती काही सांगतच नाही

*चोपडा तालुक्यातले एक शेतकरी भाऊ. पत्नीची शस्त्रक्रिया आणि शेक होऊन दोन वर्षं झाली. ‘संध्याकाळी उजवा पाय सुजतो, जोडवी रुततात. कापूस वेचायला जाऊ नको म्हटलं तर ऐकत नाही. काय होतं विचारलं की बरं शे म्हणते. मी काय करू? मुंबईला तपासणीला नेतो तेव्हा तिथेही हेच सांगते.’*

भाऊ, पत्नीच्या पायातली जोडवी रुततात हे ज्यानं पाहिलं, त्याला मी काय शिकवू. पण पायाचं आधी सांगते. शस्त्रक्रियेत ओटीपोटातल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढतात, वरून शेक होतो, त्यामुळे पायातलं पाणी वर वाहून नेणाऱ्या वाटा बंद पडतात. ते पाणी साचतं. याला लिम्फेडेमा म्हणतात. लवकर लक्ष दिलं तर आटोक्यात राहतो, दुर्लक्ष केलं तर पाय कडक होत जातो. पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, असं असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. हळूहळू वाढलेली सूज असेल तर पुढच्या फेरीत फिजिओथेरपीच्या विभागात न्या. मापाचे घट्ट मोजे देतात, हलक्या हातानं पाणी वर सरकवायचं मालिश आणि व्यायाम शिकवतात. रात्री पायाखाली उशी. जोडवी त्या पायातली काढा, आणि हे सासू-आत्यांनी समजून घ्यावं.

कापूस वेचणं पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, काम हाही तिचा आधार असतो. पण वाळलेल्या बोंडाची टोकं पायाला ओरखडतात आणि त्या पायाला एवढासा ओरखडाही पिकतो. पूर्ण पाय झाकेल असा लेगिन आणि बूट घालून, सकाळच्या दोन तासांपुरतं. लाल चट्टा आणि ताप आला तर लगेच दवाखाना.

आता ‘बरं शे’ चं. युरोपातल्या कॅन्सर संशोधकांनी 1993 साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, क्यूएलक्यू-सी30 नावाची. तीस प्रश्न. तिचा मराठी अनुवादही झालेला आहे. तिच्यातले बहुतेक प्रश्न ‘कसं आहे?’ असे मोघम नाहीत. लांब चालायला त्रास होतो का, झोप लागते का, दुखण्यामुळे रोजची कामं अडतात का, काळजी वाटते का, आजारामुळे पैशाची अडचण आली का, असे प्रश्न आहेत. बहुतेकांना उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. गर्भाशयमुखाच्या रुग्णांसाठी आणखी 24 प्रश्नांची जोड आहे, त्यात पायाची सूज आहे, वाफा आहेत, कोरडेपणा आहे, आपण बाई म्हणून कमी झालो असं वाटतं का, हेही आहे. मी नोकरीत असताना हे बघितलं की ‘कसं आहे?’ ला ‘बरं शे’ म्हणणारी बाई ‘गेल्या आठवड्यात झोप लागली का?’ ला ‘नाही’ म्हणते.

तुम्ही तसंच करा. तपासणीच्या आठवडाभर आधी, रात्री जेवण झाल्यावर, रोज एकच प्रश्न विचारा. आज चालताना पाय जड झाला का? आज लघवी रोखता आली का? भांडणाच्या सुरात नको, चौकशीच्या सुरात. तिनं जे सांगितलं ते वहीत तिच्याच शब्दांत लिहा, आणि ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. तिनं ‘बरं शे’ म्हटलं तरी वही बोलेल. शौचातून रक्त, लघवीतून रक्त, अंगावरून लाल जाणं यातलं काही असेल तर आठवडा थांबायचं नाही. शेकानंतर वर्ष-दोन वर्षांनीही आतड्यातून, मूत्राशयातून रक्त जाऊ शकतं आणि त्याला उपचार आहे, दर वेळी आजार उलटला असंच नसतं. पण ते तपासूनच कळतं.

खर्चाचंही बघा. दवाखान्यातून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून घ्या: स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण भाडं माफ आणि सोबत्याला 75 टक्के सूट असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, मोजे-फिजिओथेरपीचं काही बसतं का ते त्यांना विचारा.

आणि एक कार्ड

*गाव लिहिलेलं नाही. चारच ओळी आहेत. ‘शेक संपले, तरी सासूबाईंना अधूनमधून डाग लागतो. श्रावणात घरी कानबाई देवी बसणार आहे. भाऊबंदकीतल्या बायका म्हणतात विटाळ आहे, त्यांनी नैवेद्याच्या रोटाला हात लावू नये. त्या काही बोलत नाहीत, नुसत्या दाराआड उभ्या राहतात. बसू द्यावं का?’*

आधी डाग. शेकानंतर थोडा डाग लागू शकतो, पण तो डॉक्टरांना दाखवून घ्या, श्रावणाची वाट बघू नका. ती पाळी नाही. ती एका जखमेची खूण आहे. घरात कुणाचं बोट कापलं तर आपण तिला दाराआड उभं करतो का?

बसू द्या. रोटाचं पीठ त्यांच्याच हातानं मळू द्या, इतकी वर्षं त्यांनीच मळलं असेल. भाऊबंदकीला काय सांगायचं ते तुमच्या नवऱ्यानं सांगावं, तुमच्यावर ढकलू नये. फक्त त्यांना खाली फरशीवर बसवू नका. शेकानंतर बसायची जागा दुखते, कमरेची हाडंही नाजूक झालेली असतात. उंच पाट घ्या, त्यावर गोधडीची चौपदरी घडी घाला, आणि पाठ टेकायला भिंतीशी जागा ठेवा. कानबाईच्या समोरची.